जेवणाच्या टेबलावर सबमरिनर

साहित्य: एक पोलादी केस, काळी तबकडी, तीन काटे, फिरती बेझल (काचेभोवतीचं कडं), काच, पट्टा आणि एक जपानी यंत्र. कृती: दार बंद करा, पंखा बंद करा आणि घरात कुणाला शिंकू देऊ नका. सगळं जमलं तर संध्याकाळपर्यंत मनगटावर रोलेक्स सबमरिनरचा जुळा भाऊ! बरं, जुळा नको, लांबचा मावसभाऊ म्हणू.

या छंदाला जगभर ‘मॉडिंग’ म्हणतात आणि त्यात घड्याळाच्या पोटात जातं ते बहुतेकदा सेकोचं एनएच 35 हे यंत्र. सेको ते इतर घड्याळवाल्यांनाही विकते, म्हणून त्याला बसणारे सुटे भाग ढिगानं मिळतात. ते सेकंदाला 6 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 5 लाख 18 हजार 400. रोलेक्स सेकंदाला 8 देतं. रोलेक्सचा सेकंदकाटा पाण्यासारखा वाहतो असं म्हणतात ना? वाहत नाही, तोही उड्याच मारतो. फक्त उड्या लहान, म्हणून डोळा फसतो. खरा फरक वेळेत दिसतो. नवी सबमरिनर दिवसाला 2 सेकंद इकडे-तिकडे होईल, एवढीच तिला मुभा. एनएच 35 ला मात्र 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे अशी ऐसपैस सूट. ऑफिसला वेळेवर पोचायला तेवढं पुरतं.

यंत्रात 24 ‘ज्वेल्स’ असतात. लगेच सराफाकडे धावू नका. ही माणकं कारखान्यात बनतात, अगदी स्वस्त असतात आणि चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवतात. आजोबांच्या एचएमटी जनतावरही ‘17 ज्वेल्स’ असं ऐटीत छापलेलं असायचंच की!

आता खरी परीक्षा, काटे बसवणं. तासकाट्याचं भोक 1.5 मिलिमीटर, मिनिटकाट्याचं 0.9 आणि सेकंदकाट्याचं 0.2. मिठाचा दाणा अडकेल अशा त्या शेवटच्या भोकात यंत्राची सुई डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून नेमकी घालायची. जरा तिरकं दाबलं की सुई वाकली. काटे एकमेकांना घासले की घड्याळ बंद. हे सगळं निभावलं, काच बसवली, मागचं झाकण आवळलं, की हमखास तबकडीवर एक पांढरा तंतू दिसतो. मघाशी तो नव्हता, शपथेवर सांगतो. उघडा परत.

आणि काटे कधीही, कसेही बसवायचे नाहीत. आधी चावी फिरवत राहायची. तारीख टक्कन बदलली की तीच यंत्राची मध्यरात्र, तिथेच तिन्ही काटे बारावर. हे विसरणाऱ्याच्या घड्याळात तारीख भलत्याच वेळी, समजा भर दुपारच्या जेवणात, बदलते.

सबमरिनरच्या तासकाट्यावर तीन आऱ्यांचं वर्तुळ असतं. गाडीच्या चिन्हासारखं दिसतं म्हणून त्याला ‘मर्सिडीज काटा’ म्हणतात. गंमत म्हणजे रोलेक्सच्या इतिहासात एक मर्सिडीज खरोखरच आहे, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू. 1927 च्या ऑक्टोबरात ती गळ्यात रोलेक्स ऑयस्टर घालून इंग्लिश खाडीत उतरली. गारठ्यानं तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं, पण घड्याळ टिकटिकत राहिलं आणि रोलेक्सनं त्याची दणकून जाहिरात केली. काट्याच्या नावाशी मात्र या बाईंचा काहीएक संबंध नाही.

बेझल एकाच दिशेनं का फिरते, हे मॉड करणाऱ्यालाही बरेचदा ठाऊक नसतं. ती पाणबुड्याची बुडीची वेळ मोजते. धक्का लागून सरकलीच, तर वेळ जास्त झाल्याचं दाखवते. माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. ही युक्ती 1953 च्या ब्लांपां ‘फिफ्टी फॅदम्स’मध्ये आली. तेव्हाच्या सबमरिनरची बेझल दोन्हीकडे फिरायची! ‘फिफ्टी फॅदम्स’ म्हणजे आपल्या कोळ्यांच्या भाषेत पन्नास वाव, सुमारे 91 मीटर. घरी जोडलेलं घड्याळ घेऊन मात्र दाबाची चाचणी केल्याशिवाय तरणतलावातही उतरू नये.

मॉड करणाऱ्यांचा बारशाचा उत्साहही दांडगा. पाटेक नॉटिलससारखं केलं तर ‘सेकोनॉट’, डेटजस्टसारखं तर ‘सेकोजस्ट’, रॉयल ओकसारखं तर ‘सेकोक’. रॉयल ओक आणि नॉटिलस दोन्ही जेराल्ड जेंटा या घड्याळ-आरेखनकाराचीच लेकरं. पहिलं एका रात्रीत कागदावर उतरलं, दुसरं हॉटेलात जेवताना पाच मिनिटांत, असं ते स्वतः सांगत. मॉड करणाऱ्याला नुसता सेकंदकाटा बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

लक्ष्मणरेषा एकच. तबकडीवर ‘रोलेक्स’ छापलं की हौस संपली, बनावट माल सुरू झाला. खरा हौशी तबकडी कोरी ठेवतो किंवा स्वतःचं नाव टाकतो. आपली मुंबई या बाबतीत आधीच जगप्रसिद्ध आहे. जुनी सेको किंवा एचएमटी घेऊन तिच्यावर पोपटी, नारिंगी तबकडी चढवून विकली, की परदेशी संग्राहक तिला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकानं नाही म्हणत, पण नाव झालंय.

हे सगळं झालं सुटे भाग जोडण्याचं. अख्खं घड्याळ हातानं घडवायला 34 कसबं लागतात म्हणे, आणि इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सना त्यातली 32 येत होती. रॉजर स्मिथ नावाच्या तरुणानं स्वतः घडवलेलं खिशातलं घड्याळ मोठ्या आशेनं त्यांना दाखवलं. डॅनियल्सनी ते निरखलं आणि नापास केलं. कारण? ते हातानं बनवल्यासारखं दिसत होतं. स्मिथ घरी गेला आणि पुढची जवळपास पाच वर्षं दुसरं घड्याळ घडवत बसला. ते पास झालं.