डार्सीची बाजू

१८१३ साली लंडनमध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेली जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी मुख्यतः एलिझाबेथ बेनेट या नायिकेच्या नजरेतून उलगडते, त्यामुळे नायक फिट्झविल्यम डार्सी वाचकालाही बराच काळ तिला दिसतो तसाच, गर्विष्ठ आणि तुसडा दिसतो. पात्राच्या मनातला विचार ‘तिला वाटले’ असे न म्हणता निवेदकाच्याच वाक्यात मिसळून टाकण्याच्या ज्या रीतीला समीक्षक मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात, तिच्यावर ऑस्टिनची असामान्य पकड होती. आरंभीच्या प्रकरणांत डार्सीचे मन एलिझाबेथकडे ओढले जात असल्याचे वाचकाला कळते खरे, पण पुढे त्याच्या मनाचे दार जवळजवळ बंद होते.

हे दार उघडण्याचे प्रयत्न अनेकांनी केले असून जॅनेट एल्मर यांची ‘डार्सीज स्टोरी’, पामेला एडन यांची त्रिखंडात्मक कादंबरी आणि अमांडा ग्रेंज यांनी रोजनिशीच्या रूपात लिहिलेली कादंबरी ही त्यांतली परिचित नावे होत. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, मात्र तेथे सारे आवाज एकाच लेखकाने योजले आहेत, तर येथे एका लेखिकेने राखलेले मौन दुसऱ्यांनी भरून काढायचे आहे.

हे मौन कोठे आहे, यावर पुनर्कथनाचे यश अवलंबून असते. एलिझाबेथने लग्नाची मागणी धुडकावल्यावर डार्सी तिला पत्र लिहितो. त्यावर सकाळी आठची वेळ असून दोन ताव दाट अक्षरांत भरले आहेत आणि वेष्टनाचा कागदही कोरा राहिलेला नाही. आपण शांत चित्ताने लिहितो आहोत असे तेव्हा त्याला वाटत होते, पण मन कडवटपणाने भरलेले होते, हे तो पुष्कळ पुढे कबूल करतो. पत्रानंतर पेम्बर्ली या त्याच्या निवासस्थानी एलिझाबेथशी होणाऱ्या भेटीपर्यंतचे काही महिने तो कथेतून जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्याचा स्वभाव पालटतो तो नेमका याच काळात. त्याहून अवघड प्रसंग लंडनचा आहे: ज्या विकहॅमने डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला पळवून नेण्याचा घाट घातला होता, त्यालाच शोधून, त्याचे कर्ज फेडून, एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया हिच्याशी लग्न करण्यास डार्सी त्याला राजी करतो. अपमान गिळून केलेले हे काम मूळ कादंबरीत एलिझाबेथच्या मामीच्या पत्रातून, तेही मागाहून कळते.

ज्या पुनर्कथनांत हे महिने आणि ही वाटाघाट जिवंत होतात, ती स्वतंत्र साहित्यकृती म्हणून उभी राहतात. मूळचेच संवाद पुन्हा उतरवून त्यांच्या कडेला डार्सीचे मनोगत जोडणारी पुस्तके फिकी पडतात. तरीही यांपैकी कोणतेही पुस्तक मूळ कादंबरीच्या आधी हाती घेऊ नये, कारण डार्सीचे मन आधीच कळले, तर एलिझाबेथबरोबर चुकण्याचा आणि तिच्याबरोबर सावरण्याचा अनुभव वाचकाला पुन्हा मिळत नाही.