उद्योगांची पर्यावरणनिष्ठा

एखाद्या उद्योगाची पर्यावरणनिष्ठा त्याने लावलेल्या झाडांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. त्याच्या मूळ व्यवसायाचा माती-पाण्यावर काय परिणाम होतो, हे पाहावे लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तंजावर व तिरुवारूर जिल्ह्यांत कोळशाच्या थरांतील मिथेन वायू काढण्यासाठी २०१० साली ग्रेट ईस्टर्न एनर्जी कंपनीशी करार झाला. मिथेन जळताना कोळशापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, म्हणून त्यास स्वच्छ इंधन म्हणतात. परंतु तो मोकळा करण्यासाठी थरांतील पाणी उपसावे लागते. भूजल खालावून समुद्राचे खारे पाणी आत शिरेल, अशी भीती भातशेतकऱ्यांना वाटली. त्यांच्या विरोधानंतर २०१३ मध्ये राज्य सरकारने काम थांबविले आणि २०२० च्या कायद्याने हा प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरला.

२०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्चावी लागते. त्यात पर्यावरणरक्षणही येते. तथापि उरलेले ९८ टक्के कोणत्या मार्गाने मिळविले, याचे उत्तर त्या खर्चातून मिळत नाही. खरी कसोटी तेथेच आहे.