अर्जासोबतचे पत्र

लातूरच्या डाळ मिलमध्ये वा नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींजवळ बहुधा कोणाची शिफारस नसते. अर्जासोबतचे पत्र हीच त्यांची ओळख. त्यात बायोडाटा पुन्हा उतरवू नये. आरंभी पदाचे नाव व जाहिरातीचा दिनांक द्यावा. मग जाहिरातीत मागितलेले काम आपण कोठे, किती काळ केले ते सांगावे. ‘मी कष्टाळू आहे’ यापेक्षा ‘आडत दुकानात सोयाबीनच्या दोन हंगामांची रोजकीर्द व खतावणी लिहिली’ हे वाक्य मालकास अधिक सांगते. (वसतिगृहाच्या भोजनखर्चाचा हिशेब ठेवला असेल, तर तोही अनुभवच.) घरच्या हलाखीचे वर्णन आणि ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही जुनी ओळ मात्र खोडावी, आपण पात्र आहोत म्हणून अर्ज केलेला असतो. पत्र एका पानात संपवून खाली स्वाक्षरी व हमखास लागणारा फोन क्रमांक लिहावा.