पन्नास गुणांचा ग्लास

बिअर म्हणजे पिवळी, गार आणि थोडी कडू, एवढी ओळख आपल्याकडे अनेक वर्षं पुरेशी होती. दुकानात माइल्ड की स्ट्राँग एवढंच विचारायचं आणि चांगली कोणती, तर जास्त गार असेल ती. २००९ साली पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ सुरू झाली आणि ही ओळख अपुरी पडू लागली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी काढलेली ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. ऑलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रूमास्टर त्यांच्या सोबत होते. पुढे मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, ‘ग्रेट स्टेट’ आली. आज पुणेकर गव्हाची बिअर, आयपीए, स्टाउट ही नावं सहज घेतो. नावं पाठ झाली, चव मात्र अजून नीट वाचली जात नाही असं मला वाटतं. ‘मस्त आहे’ आणि ‘जमली नाही’ या दोन शेऱ्यांवर आपण अजून काम भागवतो.

बिअरचे जाणकार परीक्षक काय करतात ते इथे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रंग आणि फेस यांना मिळून फक्त तीनच! आपण फोटो काढतो तो या तीन गुणांचा. वासाला मात्र त्याच्या चौपट, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकच ओळखतं. म्हणून ग्लास समोर आला की आधी हुंगायचं, लगेच. हलके सुगंध पहिल्या काही क्षणांतच उडून जातात. बर्फात गोठवलेला ग्लास नकोच, कारण अति गारव्यात वास दबतो आणि जीभ बधिर होते. तिखट चकणाही तेवढा वेळ बाजूला ठेवावा. मसाला शेंगदाण्यांनंतर सगळ्या बिअर सारख्याच लागतात.

पत्रिकेतली खरी गोम पुढे आहे. गुण द्यायचे ते बिअरच्या प्रकाराला धरून. जर्मन हेफेवायझन घ्या. पुण्यातल्या टॅपवर ती बहुतेक ठिकाणी मिळते आणि नवख्याला ती पटकन आवडते. जर्मनीत या बिअरच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, निम्मा तरी गहू असावाच लागतो. ती गढूळ दिसते, आणि तसंच दिसायला हवं. वासात पिकलेलं केळं आणि लवंग येते, पण टाकीत ना केळं पडलेलं असतं ना लवंग. हे सगळं यीस्टचं काम. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा; यीस्टला थोडी जास्त ऊब दिली की तो वाढतो. लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलचा. माल्टचं पीठ पाण्यात भिजवताना ते ४५ अंशांच्या आसपास काही वेळ थांबवलं की फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याचीच लवंग करतं. म्हणजे दोन तापमानांवरच्या दोन निर्णयांतून ब्रूअर ही बिअर केळ्याकडे झुकवतो किंवा लवंगेकडे. हे कळल्यावर ग्लासातला प्रत्येक घोट कुणाच्या तरी हातचं काम म्हणून समोर येतो. आता याच हेफेवायझनला ‘कडूपणा कमी’ म्हणून गुण कापले, तर तो अन्याय आहे. तिच्यात हॉप्स या फुलांचा कडूपणा मागेच राहायला हवा.

दोषांनाही नावं आहेत, आणि ती शिकण्यासारखी आहेत. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसिटिलचा. आंबवणीत हा पदार्थ तयार होतोच, पुरेसा वेळ दिला तर यीस्ट तो परत शोषून घेतं. वास उरला म्हणजे घाई झाली. पण टॅपच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत तरी त्यातल्या जीवाणूंमुळे हाच वास येतो, आणि मग ब्रूअरची चूक नसताना त्याच्या नावाला बट्टा लागतो. उकडलेल्या मक्याचा वास सहसा डायमिथाइल सल्फाइडचा, उकळी कमी पडल्याचा. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, बिअर टाकीतून लवकर काढल्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास जुनेपणाचा, हवा लागल्याचा, आणि इथे मायक्रोब्रुअरी बाजी मारते. टाकी आणि ग्लास एकाच छताखाली असल्यावर बिअर शिळी व्हायला फारशी सवड नसते.

स्थानिक जिन्नसांचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. ग्रेट स्टेटने मीठ आणि कोकम घातलेली आंबट बिअर काढली. तिचं मूळ जर्मनीतल्या गोसलार आणि लाइपझिगच्या ‘गोझं’ या जुन्या प्रकारात, ज्यात मीठ आणि धणे घालतात आणि आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा असतो. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा, वेगळ्या धारेचा. कोकणातल्या घराघरांत उन्हाळ्यात मीठ घातलेलं कोकम सरबत होतंच, त्यामुळे ही जोडी ओढूनताणून आणलेली वाटत नाही. फळ घातलेल्या बिअरला गुण देताना एकच पाहावं: फळ आणि मूळ बिअर दोन्ही ओळखू येतात का? नुसतं सरबत लागलं तर गुण कमी, कोकम शोधावं लागलं तरी कमी.

गुण फक्त परीक्षकच देतात असं नाही. जगभरच्या हौशी लोकांनी २००० साली सुरू झालेल्या रेटबिअर या संकेतस्थळावर आणि २०१० नंतर अनटॅप्ड या अ‍ॅपवर लाखो बिअरना गुण दिले. त्या याद्यांच्या डोक्यावर काय असतं? बहुतेक वेळा दुर्मीळ, जड, जास्त अल्कोहोलचे इम्पीरियल स्टाउट. साधी, स्वच्छ लागर तिथे खाली राहते, जरी ती करणं अवघड असलं तरी. तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. या याद्यांवरून आपल्या गावच्या ब्रुअरीला तोलणं मला मान्य नाही. प्रकाराशी प्रामाणिक, ताजी, निर्दोष हेफेवायझन पन्नासात ३८ च्या वर, म्हणजे बीजेसीपीच्या भाषेत ‘उत्कृष्ट’ वर्गात बसू शकते, आणि तिला ते गुण मिळायलाच हवेत.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी मोठा मग मागवण्याआधी छोट्या ग्लासांचा सँपलर मागा. हलक्या बिअरपासून सुरू करा, स्टाउट शेवटी घ्या, मधे साधं पाणी प्या. प्रत्येकीबद्दल एक तरी नेमकं वाक्य लिहा, आणि दोष सापडला तर तो बाहेर सांगत फिरण्याआधी ब्रूअरला सांगा. चांगला ब्रूअर ते कान देऊन ऐकतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, तेव्हा परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.