आधी पॅलेट, मग कॅनव्हास

सिल्वासाहून खानवेलच्या बाजूला पावसाळ्यात चित्र काढायला बसलं की डोळ्यांपुढे नुसता हिरवा: भाताची खाचरं, साग, बांबू, मागे डोंगर. ढग सरकला की सगळा उजेड बदलतो. तेव्हा रंग कालवत बसलं, तर देखावा हातचा जातो. म्हणून पॅलेट आधी तयार करायचं. तैलरंगात ते जमतं, कारण तो पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं. कालवलेले गोळे सहज दिवसभर मऊ राहतात.

रंग कडेने पिळावेत, मधली जागा मोकळी. टायटॅनियम व्हाइट सर्वांत जास्त, मग लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. क्रम कुठलाही चालेल, पण रोज तोच हवा. कालवायला ब्रश नको, सुरी घ्यावी. दर वेळी ती चिंधीने पुसली नाही, तर तिसऱ्या गोळ्यापासून सगळंच मळकं होतं.

खरी परीक्षा हिरव्याची. अल्ट्रामरीन या निळ्यात लालसर झाक असते, त्यामुळे त्याचा हिरवा दबलेला निघतो. ऑकरबरोबर तो सागाच्या पानांना अगदी योग्य. भाताच्या कोवळ्या रोपांना मात्र लेमन यलोत चिमूटभर व्हिरिडियन. नेहमी फिक्या रंगात गडद घालत जावं. उलट केलं तर हवी ती छटा येईपर्यंत अर्धी ट्यूब संपते. प्रत्येक हिरव्याचे तीन गोळे करायचे: उन्हातला, मधला, सावलीतला. सावलीसाठी काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पुरतात. दूरच्या डोंगरासाठी त्यात निळा आणि पांढरा वाढवावा. मग सुरीच्या टोकावर थोडा रंग घेऊन तो समोरच्या झाडाशी धरायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. रंग थोडा चुकला तरी चालतं, उजेड-अंधार चुकला की चित्र सपाट होतं, असं माझं मत.

देखाव्यात एखादं घर आलं, तर त्याच्या गेरूच्या भिंतीला बर्न्ट सिएना जवळपास तसाच चालतो. त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या एकाच पांढऱ्यात वारली मंडळी अख्खं रान उभं करतात. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी तेच कागद-कापडावर नेलं.

संध्याकाळी उरलेले स्वच्छ गोळे प्लॅस्टिकखाली झाकून फ्रीजरमध्ये ठेवावेत. थंडीत तेल सावकाश घट्ट होतं. मळलेले सगळे एकत्र कालवले की छान राखाडी मिळते. ती पावसाळी आभाळाला कामी येते.