रबरी धांव : मोटारसायकलचा टायर घरीं बदलण्याविषयीं

श्रोतेहो, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना आजचा विषय निम्मा अगोदरच समजलेला आहे. लोहार धांवेचें कडें भट्टींत लालबुंद करतो. तापल्यानें तें फुगतें. मग दोघेतिघे सांडशींनीं तें उचलून लाकडी पाट्यांवर बसवितात आणि लागलीच त्यावर पाण्याच्या घागरी ओततात. निवतांना कडें आकसतें आणि तुंबा, आरे व पाट्या यांना असें आवळून धरतें कीं, पुढें कित्येक वर्षें चाक हालत नाहीं. चाकाहून किंचित् लहान असलेलें वेटोळें चाकावर कसें चढवावें, हा तो प्रश्न होता, आणि आपल्या खेड्यांतील लोहारानें तो अग्नीच्या साहाय्यानें सोडविला. मोटारसायकलच्या टायरचा प्रश्न नेमका हाच आहे. येथें भट्टी मात्र उपयोगाची नाहीं.

हवेनें भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं मांडली होती. ती मागें पडली, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं ती पुन्हा नव्यानें शोधून काढली. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार खडखडते, एवढेंच काय तें निमित्त. त्यांचा टायर चाकाला चिकटवून टाकलेला असे, म्हणून पंक्चर काढणें म्हणजे अर्धें चाक मोडण्यासारखेंच होतें. १८९० सालीं चार्ल्स वेल्च या इंग्रज गृहस्थानें टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचें वेटोळें घातलें आणि रिमच्या मध्यभागीं एक खोल खोबण ठेवली. आज आपल्या दारांत उभ्या असलेल्या मोटारसायकलचें चाक याच युक्तीवर चालतें.

ही खोबण हेंच सर्व कामाचें मर्म आहे. टायरच्या कडेंतील तार ताणली जात नाहीं; कितीहि बलवान् मनुष्य असला तरी ती त्याला वश होणार नाहीं. पण कडेची एक बाजू जर रिमच्या मधल्या खोबणींत उतरविली, तर समोरच्या बाजूला तेवढीच ढिलाई मिळते आणि तेथून कड रिमच्या ओठावरून सहज बाहेर येते. लोहार कडें मोठें करतो. आपण चाक लहान करतों, असें म्हटलें तरी चालेल. म्हणून टायर काढतांना अथवा चढवितांना जोर लागूं लागला, कीं तेथेंच थांबावें आणि समोरची बाजू पाहावी. ती खोबणींतून वर आलेली असते. तिला गुडघ्यानें पुन्हा खालीं दाबावें. शंभरांतील नव्वद वेळां अडचण एवढीच असते, आणि ती न ओळखल्यामुळें माणसें ट्यूब कापतात, रिमचा ओठ वांकवितात व शेवटीं नशिबाला दोष देतात.

नागपूर-पुण्याच्या श्रोत्यांना वाटेल, ही उठाठेव कशाला? चौकाचौकांत पंक्चरवाला बसलेला असतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोष्ट निराळी आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याचा विस्तार १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश भूमि वनांनीं व्यापलेली आहे. आलापल्लीहून भामरागडला जाणारा मार्ग सुमारें ६५ किलोमीटरांचा, आणि त्यांतील बराचसा अरण्यांतून जाणारा. १९७३ सालीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां पावसाळ्यांत तिकडे कोणतेंहि वाहन जात नसे. पुढें डांबरी मार्ग झाले आणि मोटारसायकलहि आली. आज आरोग्यसेविका लसींचा डबा घेऊन तिच्यावरूनच पाड्यावर जाते. शाळामास्तर, वनरक्षक, तेंदूपानांच्या फडावरील मुनशी, सर्वांचें वाहन तेंच. ताप चढलेल्या पोराला दवाखान्यांत न्यावयाचें तरी बाप त्याला पुढें बसवून हेंच वाहन काढतो. अशा ठिकाणीं टायर बसला तर केवळ वेळ जातो असें नव्हे. ताडोबाच्या भोंवतालीं व ब्रह्मपुरीच्या वनांत वाघांची वस्ती दाट आहे, आणि तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेस खालीं वांकून बसणें तेथें कोणीहि जाणता मनुष्य पसंत करीत नाहीं.

वाळलेला कांटेरी बांबू आणि बाभूळ हे टायरचे तिकडील नित्याचे वैरी. नव्या टायरच्या जाड रबरांत कांटा अर्ध्यावर मोडतो. झिजलेल्या टायरांतून तो सरळ ट्यूबपर्यंत पोंचतो. म्हणून अरण्यांतील पंक्चरावर पहिला उपाय घरच्या अंगणांत, भर उजेडांत व सवडीनें करावयाचा असतो. टायरच्या खांचांच्या तळाशीं मधूनमधून लहान उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलें, कीं टायरचें आयुष्य संपलें. बाजूच्या भिंतीवर चार आंकड्यांची एक खूण असते, तीहि पाहण्याची संवय ठेवावी. तेथें २३२४ असें असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. दुकानदार नवा म्हणून देतो तो टायर कधीं कधीं चार वर्षें फळीवर वाळलेला असतो.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी मधल्या स्टँडवर चढविण्यापूर्वींच आंसाचा नट किंचित् सैल करून घ्यावा. चाक अधांतरीं असतां जोर लावल्यास गाडी कोसळण्याचें भय असतें. आंस काढतांना वॉशर व बुशी ज्या क्रमानें निघतात, त्याच क्रमानें एका तारेंत ओंवून ठेवाव्या. चाकाला डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असतांना ब्रेकची मूठ कोणीहि दाबूं नये. घरांत लहान मुलें असल्यास हें आधींच बजावून सांगितलेलें बरें.

मग व्हॉल्व्हची आंतली सुई काढून सर्व हवा सोडावी. ट्यूब असेल तर व्हॉल्व्हचा बाहेरील नटहि काढावा. यानंतर जें काम येतें तेंच सर्वांत कष्टाचें. वर्षानुवर्षें रिमला चिकटून बसलेली टायरची कड तेथून सोडवावयाची असते. येथें हातानें चालवावयाचें स्वस्त यंत्र खरोखर उपयोगी पडतें. हें यंत्र म्हणजे एक लोखंडी बैठक, तिच्यावर मधोमध उभा खांब, चाक पकडण्यासाठीं चिमटे, आणि बाजूला नांगराच्या फाळासारखें पातें बसविलेला एक लांब दांडा. पातें रिमच्या अगदीं लगत टायरवर टेकवून दांडा खालीं दाबला, कीं कड फट् असा आवाज करून सुटते. याच्या मुळाशीं साधी तरफ आहे. आधारापासून पातें सहा इंचांवर व आपला हात चार फुटांवर असेल, तर जोर आठपट होतो; तीस किलोंचा दाब दिला तर टायरवर दोनशें चाळीस किलोंचा पडतो.

हें गणित एकदां ध्यानांत आलें, कीं यंत्राशिवायहि काम भागवितां येतें. चार-पांच फूट लांबीची सागवानी फळी घ्यावी. तिचें एक टोंक भक्कम ओट्याच्या अथवा तुळईच्या खालीं अडकवावें. मध्यें, रिमच्या लगत, एक लांकडी ठोकळा टायरवर उभा करावा आणि फळीचें दुसरें टोंक दाबावें. सागवानाला त्या प्रदेशांत तोटा नाहीं. ठोकळा डिस्कवर अथवा आऱ्यांवर येऊं नये, एवढें मात्र जपावें. चाक फरशीवर तसेंच न ठेवतां जुन्या टायरवर किंवा गोणपाटाच्या घडीवर ठेवावें. दोन्ही बाजूंच्या कडा सर्व भोंवतालीं सुटल्या पाहिजेत. एक बाजू सुटली म्हणजे झालें असें समजून पुढें जाणारे लोक अर्ध्या तासानें पुन्हा मागें येतात.

पुढें कडेला साबणाचें पाणी सढळ हातानें लावावें. तेल, ग्रीस किंवा रॉकेल लावूं नये. त्यांनीं रबर खराब होतें, आणि पुढें कड रिमवर घसरत राहते. काम व्हॉल्व्हपाशीं सुरू करावें. समोरची बाजू गुडघ्यांनीं खोबणींत दाबून धरावी, एक टामी कडेखालीं घालून तिला ओठावर उचलावें, दोन इंचांवर दुसरी टामी घालावी, आणि असे लहान लहान घांस घेत पुढें जावें. अधाशीपणानें सहा इंचांचा घांस घेतला कीं रिमवर ओरखडा पडलाच. जुन्या प्लास्टिकच्या डब्याचे दोन तुकडे टामीखालीं ठेवले तर रंग वांचतो. यंत्र असल्यास त्याचा चपट्या चोंचीचा दांडा मधल्या खांबाला टेकवून गोल फिरवितात. तरीहि समोरची बाजू खोबणींत ठेवण्याचें काम आपलेंच राहतें. पुष्कळ स्वस्त यंत्रें मोटारीच्या चाकांसाठीं घडविलेलीं असतात व मोटारसायकलसाठीं त्यांना वेगळी जोड लागते, ती आहे कीं नाहीं हें विकत घेतांनाच पाहावें. बैठक जमिनीला बोल्टांनीं जखडावी लागते, नाहींतर दांडा दाबतांच सगळें यंत्र फिरूं लागतें. ज्यांना घरची फरशी फोडावयाची नसेल, त्यांनीं तें जाड फळीवर बसवावें आणि दुसऱ्या कोणाला फळीवर उभें करावें.

माझें मत विचाराल, तर एका गाडीच्या घरानें हें यंत्र घेऊं नये. दोन-तीन वर्षांतून एकदां लागणाऱ्या कामाला दोन चांगल्या टाम्या व ती सागवानी फळी पुरे. परंतु आरोग्य केंद्राच्या आवारांत, शिक्षकांच्या वसाहतींत किंवा वनरक्षकांच्या नाक्यावर दहा गाड्या असतील, तर वर्गणी काढून असें एक यंत्र अवश्य घ्यावें.

टायर निघाल्यावर त्याच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. मोडलेला कांटा असेल तेथें कापूस अडकतो आणि बोटें वांचतात. नव्या टायरवर बाण असतो. चाक पुढें जातांना ज्या दिशेनें फिरतें, तिकडे त्याचें टोंक हवें. नवा टायर चढविण्यापूर्वीं थोडा वेळ उन्हांत ठेवला तर मऊ पडतो, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यांत, जेथें पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेथें यासाठीं फार थांबावें लागत नाहीं. ट्यूबेला टाल्क पावडर चोळून व ती आकार धरील इतकीच हवा भरून आंत घालावी. कड चढविण्याचा शेवट मात्र व्हॉल्व्हपाशीं व्हावा. त्या ठिकाणीं ट्यूब व व्हॉल्व्ह यांनीं खोबण अडविलेली असते. तेव्हां तेथील कड शेवटीं चढविली तरच समोरच्या मोकळ्या खोबणीचा लाभ मिळतो. शेवटच्या घांसापूर्वीं व्हॉल्व्ह आंत ढकलून पाहावा, म्हणजे ट्यूब कडेखालीं चिमटली असल्यास सुटते.

ट्यूब नसलेल्या टायरचें एक संकट निराळें. कड रिमला लागेपर्यंत हवा थांबत नाहीं, आणि हातपंपाची हवा तर लगेच निसटून जाते. टायरच्या घेरावर दोर बांधून त्यांत काठी घालून पीळ दिला, कीं कडा बाहेर फांकतात व हवा धरूं लागते. हवा धरतांच दोर सोडावा. टायरवर छापलेल्या मर्यादेपेक्षां अधिक हवा भरून कड बसविण्याचा हट्ट धरूं नये, आणि भरतांना तोंड चाकावर आणूं नये. आंत पेट्रोल शिंपडून काडी लावणारे वीर रस्त्यांवर आढळतात. त्यांचें अनुकरण करणाऱ्याचे हात-तोंड भाजण्याचा संभव पुरा असतो.

कड सर्व बाजूंनीं सारखी बसली कीं नाहीं, हें रिमलगतच्या बारीक रेषेवरून कळतें. ती रेषा सर्वत्र रिमपासून समान अंतरावर दिसली पाहिजे. चाक गाडींत बसवितांना साखळीचा ताण व ब्रेकपट्टीची अटकाव-दांडी पाहावी, नट घट्ट करून त्याची खिळपीन घालावी, आणि डिस्क ब्रेक असल्यास गाडी हलविण्यापूर्वीं मूठ कडक लागेपर्यंत दाबावी. हवा किती, याचा आंकडा गाडीवर अथवा तिच्या पुस्तिकेंत असतो. मागें माणूस बसणार असल्यास मागच्या चाकासाठीं वेगळा आंकडा दिलेला असतो. नवा टायर प्रथम कांहीं दिवस गुळगुळीत असतो. वळणांवर बेतानें जावें.

राहतां राहिला जुना टायर. तो होळींत अथवा हिंवाळ्याच्या शेकोटींत घालूं नये, त्याचा धूर विषारी असतो. परसांत टाकून दिला तर पहिल्या पावसांत त्यांत पाणी सांचतें, आणि डेंग्यूच्या डासाला असें पाणी फार आवडतें. विहिरीच्या रहाटाखालीं, गाईच्या गोठ्यांत किंवा मुलांच्या झोक्यासाठीं तो वापरावयाचा असेल, तर खालच्या बाजूला दोन भोंकें पाडून ठेवावीं, म्हणजे पाणी राहत नाहीं.