वय झालं म्हणून धाप लागत नाही

पंचाहत्तरीच्या आजींना "दम लागतो का हो?" असं विचारा. "छे, तसं काही नाही," असंच उत्तर येईल, आणि त्या खोटं बोलत नसतील. दम लागेल असं जवळजवळ प्रत्येक काम त्यांनी आधीच सोडून दिलेलं असतं. मंडईत जाणं थांबतं. देवळात पायी जायचं तिथे रिक्षा येते. जिन्याच्या मधल्या चौकात शेजारणीशी दोन शब्द बोलायचं निमित्त काढून जरा टेकता येतं, आणि आंघोळीला स्टूल लागू लागतं. बदल एकेक करून येतात, म्हणून घरच्यांनाही खटकत नाहीत. तेव्हा घरात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गेल्या दिवाळीला सहज जमत होतं, त्यातलं आता काय सोडलंय?

त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "वयच झालं आता." यात तथ्य आहे, पण थोडंच. फुप्फुसांची ताकद तिशी-पस्तिशीनंतर हळूहळू उतरत असते आणि सत्तरीचा माणूस चाळिशीच्या वेगाने चढ चढणार नाही. पण ही उतरण वर्षानुवर्षं चाललेली असते, आणि निरोगी फुप्फुसांत शिल्लक एवढी असते की सपाट रस्त्यावर किंवा कपडे बदलताना ती जाणवू नये. दोन मजले न थांबता चढणारे आजोबा सहा महिन्यांत पहिल्याच मजल्यावर टेकू लागले, तर त्या सहा महिन्यांत त्यांचं वय सहा महिन्यांनीच वाढलेलं असतं. बाकीचा हिशेब डॉक्टरांनी लावायचा. धाप मोजायला ते आजही पाच पायऱ्यांची एक पट्टी वापरतात, जिचं मूळ ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या छातीच्या विकारांच्या अभ्यासात आहे. सपाट रस्त्यावर समवयस्कांच्या मागे पडणं ही तिच्यातली तिसरी पायरी, शंभरेक मीटरवर थांबावं लागणं ही चौथी, आणि कपडे घालतानाही धाप लागणं ही शेवटची. तुलना समवयस्कांशीच आहे, म्हणजे वय त्यात आधीच जमेला धरलंय.

दुसरा समज असा की धाप म्हणजे दमा, नाहीतर विडी-सिगारेटचा प्रताप. "आमच्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिला कसला फुप्फुसांचा आजार?" चुलीचा. कोंदट स्वयंपाकघरात लाकडं, गोवऱ्या, तुराट्या जाळून वीस-तीस वर्षं भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होऊ शकतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मधल्या एका लेखात सहलेखकासह हेच मांडलं होतं: धूम्रपान न करणाऱ्यांतही हा आजार भरपूर आहे आणि जळणाचा धूर हे कदाचित त्याचं जगातलं सर्वांत मोठं कारण असेल. उज्ज्वला योजनेतून २०१६ नंतर सिलिंडर घरात आला, म्हणून आधी छातीत गेलेला धूर बाहेर येत नाही. शहरात छातीचे डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात: बाल्कनीत कबुतरं बसतात का? त्यांच्या विष्ठेच्या धुळीने काहींची फुप्फुसं सुजतात आणि पुढे आक्रसतात. तो आजार दम्याचा नव्हे, त्याचे उपचारही वेगळे.

पण म्हातारपणीच्या धापेचं मूळ पुष्कळदा फुप्फुसांत नसून हृदयात असतं, आणि ही शक्यता घरात सहसा कुणाच्या मनात येत नाही. हृदय कमजोर पडलं की रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी साठू लागतं, आडवं पडल्यावर जास्तच. एका उशीवर झोपणाऱ्याला तीन उशा लागतात. झोप लागून तास-दोन तास होतात न होतात तोच माणूस गुदमरून उठून बसतो, खिडकी उघडायला लावतो, आणि बसल्यावर हळूहळू बरं वाटतं. संध्याकाळी मोज्याचं इलॅस्टिक रुतल्याची खूण राहते. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा नि उचला. खळगा तसाच राहिला तर आत पाणी साठलंय. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर तेही खाण्याने नव्हे. अशा माणसाला गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी महागात पडू शकते, कारण यातल्या बऱ्याच गोळ्या अंगात मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. लोणचं-पापड तेच करतात, फक्त चवीने.

कधी फुप्फुसं ठीक, हृदयही ठीक, आणि कमी असतं ते हिमोग्लोबिन. बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली गेलं की रक्त कमी समजायचं. उतारवयात ते कमी होण्यामागे मूळव्याध, जठरातली जखम किंवा आतड्यातली गाठ यांतून नकळत होणारा रक्तस्राव असू शकतो. म्हणून नुसतं लोहाचं टॉनिक देऊन भागत नाही.

इथेच ऑक्सिमीटर फसवतो. करोनानंतर हे यंत्र घरोघरी आलं आणि "सत्त्याण्णव आहे ना, मग काही नाही," हे वाक्यही आलं. पण गाडीचे डबे भरलेले आहेत एवढंच ते सांगतं, गाडीला डबे किती आहेत ते नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या माणसाच्याही बोटावर ९८ दिसू शकतं. हृदय कमजोर पडत असतानाही सुरुवातीला आकडा चांगला असतो. गार पडलेलं बोट, मेंदी, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो ते वेगळंच. आकडा घसरला तर धावपळ जरूर करा. चांगला आला म्हणून तपासणी मात्र टाळू नका.

पंपाविषयीची भीती तर पिढ्यानपिढ्या चालत आलीय. "एकदा पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी." साल्ब्युटामॉलची साधी गोळी चार मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबात औषध असतं शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. तेही थेट श्वासनलिकेत जातं, त्यामुळे हात थरथरणं, छाती धडधडणं कमी. पंप थांबवल्यावर त्रास परततो तो आजार शिल्लक असतो म्हणून, व्यसन जडलं म्हणून नव्हे. खरी अडचण पंप ओढण्याच्या पद्धतीत असते. थरथरत्या हातांना दाबणं आणि श्वास घेणं एका वेळी साधत नाही. मग स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्यावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी. याउलट कुठल्याशा गावाहून आणलेल्या पुडीने "दोन दिवसांत आराम पडला" असं कुणी सांगितलं की शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

"आता पडून राहा" हा सल्लाही प्रेमापोटीच दिला जातो. पण पडून राहिल्याने पायांचे स्नायू झिजतात आणि मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. निदान झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताने चालणं हा उपचाराचाच भाग असतो.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, काढे-चूर्णंही. रात्रीच्या त्रासाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांच्या फार कामी येतो. रक्ताची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, टूडी इको आणि नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री यांतून बहुतेकदा दिशा कळते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीही तपासायची. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

काही वेळा मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. धाप अचानक लागली, बसल्या जागी वाक्य पुरं होईना, ओठ निळसर पडले, दरदरून घाम फुटला, भान हरपू लागलं, छातीत दुखू लागलं, किंवा एक पाय सुजून दुखत असतानाच दम लागला, तर लगेच १०८ ला फोन करा. वृद्धांना, विशेषतः मधुमेहींना, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो, आणि नुसती धाप नि घाम एवढंच दिसतं. "गॅस झालाय" म्हणत ओवा-सोडा देण्यात तास जातो. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना आडवं करू नका. पाय खाली सोडून, पुढे उशीवर किंवा टेबलावर हात टेकून बसवा आणि अंगावरचे कपडे सैल करा. लिफ्ट नसेल तर जिना चालत उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली न्या.